कादंबरीतील 'मी' : जीवनानुभव आणि निवेदकाची भाषा

१

कादंबरीकार आपल्या आयुष्यातील अनुभवांच्या आधारे कादंबरी रचतो, हे विधान इतके परिचित झाले आहे की त्याची फोड करून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. एखाद्या कादंबरीकारावरील प्रबंधात पहिले प्रकरण चरित्राचे असते. त्यात जन्मस्थान, शिक्षण, नोकरी, प्रवास यांची नोंद होते. आणि पुढील प्रकरणांत कादंबरीतील गाव म्हणजे अमुक खेडे, नायक म्हणजे स्वतः लेखक, नायिका म्हणजे त्याच्या परिचयातील अमुक स्त्री, अशी जुळणी करण्यात येते. ही जुळणी पुरी झाली की अनुभवाचा प्रश्न सुटला, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. वास्तविक पाहता त्या जुळणीने प्रश्नाची केवळ मांडणी होते. एकाच खेड्यात, एकाच काळी, एकाच प्रकारची नोकरी केलेली शेकडो माणसे असतात. त्यांपैकी एखाद्याच्याच अनुभवाची कादंबरी होते, आणि ती का होते याचे उत्तर त्या अनुभवाच्या तपशिलात सापडत नाही.

जुळणीची ही सवय निरुपद्रवी आहे असेही नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनोव्यथेपेक्षा या नावामागे कोण स्त्री दडली आहे, याचीच चर्चा अधिक झाली. कथेतील प्रत्येक उद्गार लेखिकेची कबुली म्हणून वाचला जाऊ लागला. टोपणनावाचा आश्रय घेणे लेखिकेस का भाग पडले असेल, याचे उत्तर त्या चर्चेनेच दिले. कल्पित साहित्य हे चरित्राचा पुरावा म्हणून वाचले जाते, तेव्हा त्याची किंमत लेखकाला, आणि विशेषेकरून लेखिकेला, प्रत्यक्ष आयुष्यात मोजावी लागते. याच्या उलट, लेखकाच्या जीवनाचा साहित्यकृतीशी काही संबंधच नाही, असा दुसऱ्या टोकाचा पक्ष घेतला, तर अनेक मराठी कादंबऱ्यांतील सर्वांत सामर्थ्याचा भाग अनाकलनीय राहतो.

या दोन टोकांच्या मध्ये अभ्यासाला योग्य अशी एक जागा आहे. जीवनातून कादंबरीत जे येते ते मुख्यत्वे घटनांच्या रूपाने येत नाही. ते जाणणाऱ्याच्या स्थानाच्या रूपाने येते. कोण बोलतो, कोठून पाहतो, त्याला काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, या गोष्टी लेखक आपल्या अनुभवातून घेतो किंवा त्या अनुभवाला अनुसरून बदलतो. आणि त्या स्थानाची खूण निवेदनाच्या भाषेत, अगदी व्याकरणातसुद्धा उमटते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

मराठी व्याकरणाने या बाबतीत अभ्यासकाला एक सोय करून ठेविली आहे. इंग्रजी भाषेतील प्रथमपुरुषी क्रियापद वक्त्याच्या लिंगाविषयी काहीच सांगत नाही. प्रमाण मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते', 'मी गेलो' आणि 'मी गेले' ही रूपे भिन्न आहेत. सकर्मक धातूंच्या भूतकाळात मात्र क्रियापद कर्माला अनुसरते, म्हणून 'मी पत्र लिहिले' हे वाक्य पुरुषाचेही असू शकते आणि स्त्रीचेही. भविष्यकाळी 'मी जाईन' आणि रीतिभूतकाळी 'मी जात असे' या रूपांतही लिंग प्रकट होत नाही. तथापि काही वाक्ये ओलांडताच निवेदकाला आपण कोण आहोत हे उघड करावेच लागते. मराठी कादंबरीतील 'मी' फार काळ निराकार राहू शकत नाही.

हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आपल्या 'करमणूक' पत्रातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध केली. ती यमू या स्त्रीची आत्मकथा आहे. पुरुष लेखकाने शेकडो पृष्ठे 'मी गेले', 'मी बसले', 'मी रडले' असे लिहिले. ह्या रूपांमुळे लेखक आणि निवेदक एक नाहीत ही गोष्ट पानोपानी वाचकासमोर राहते. बालविवाह, सासुरवास, वैधव्य आणि केशवपन हा यमूचा अनुभव हरिभाऊंच्या देहाने भोगलेला नव्हता. तो त्यांच्या काळातील मध्यमवर्गीय कुटुंबांत वाड्यावाड्यांतून डोळ्यांसमोर घडत होता. अशा वेळी लेखकापुढे दोन मार्ग असतात. पाहणाऱ्याच्या स्थानावरून लिहावे, किंवा ज्याला पाहिले त्याचे स्थान घ्यावे. हरिभाऊंनी दुसरा मार्ग घेतला. पाहणाऱ्या सुधारकाच्या तोंडी जे व्याख्यान झाले असते, ते सोसणारीच्या तोंडी गाऱ्हाणे, आठवण आणि घरगुती संभाषण झाले. अनुभवाचे द्रव्य कायम राहिले. त्याचे वक्तृत्व मात्र बदलले.

यावरून प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे आत्मचरित्रात्मक निवेदन, हे समीकरण किती कच्चे आहे हे ध्यानात येते. प्रथमपुरुष हा व्याकरणातील पुरुष आहे. त्या जागी कोणास बसवावयाचे हे लेखक ठरवितो.

३

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेलेले बेडेकर ज्या बोटीने परतले, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित होते. कादंबरीची बोट तीच आहे असे म्हणावयास हरकत नाही. तिच्यात चक्रधर विध्वंस हा तरुण युरोपातून हिंदुस्थानात परत येत असतो. निर्वासितांना शांघायला जावयाचे असते. कारण त्या काळी प्रवेशपत्रावाचून उतरता येईल अशी जगातील फार थोडी बंदरे उरली होती, आणि शांघाय हे त्यांपैकी एक होते. हॅर्टा ही ज्यू तरुणी आणि चक्रधर यांच्यात प्रेम निर्माण होते. बोट मुंबईला लागते. चक्रधर उतरतो आणि हॅर्टा पुढे जाते.

येथे तंत्राची एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. निवेदन चक्रधराचे आहे, आणि चक्रधर मुंबईला उतरल्यानंतर बोटीवर काय घडले हे त्याला दिसणे शक्य नाही. कादंबरी ही मर्यादा मोडीत नाही. हॅर्टाचे पुढील जीवन आणि तिचा अंत ही हकीकत पत्रांच्या द्वारे येते. लेखकाची कल्पना बोटीबरोबर पुढे जाऊ शकत होती. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य असतेच. परंतु ज्या प्रवाशाला सुरक्षित घर आहे आणि जो मध्येच उतरून जातो, त्याचे अपुरे ज्ञान हाच या कादंबरीचा नैतिक गाभा आहे. वर्तमानपत्रातील बातमीप्रमाणे, जे घडले ते कळते. ते घडत असता आपण तेथे नव्हतो, हेही त्याबरोबर कळते. बेडेकरांच्या प्रत्यक्ष प्रवासातून कादंबरीत आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही उतरून जाणाऱ्याची जागा होय.

भाषेच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. चक्रधर आणि हॅर्टा यांच्यातील बोलणे मराठीत होणे शक्य नव्हते. कादंबरीत ते आरंभापासून मराठीत आहे. जर ते मुळात इंग्रजीत घडते असे मानले, तर तेथे द्वितीयपुरुषाचे एकच सर्वनाम असते. मराठीत आणताना लेखकाला प्रत्येक ठिकाणी 'तू' की 'तुम्ही' हा निर्णय करावा लागतो. म्हणजे मूळ संभाषणात सर्वनामाने उघड न केलेली जवळीक किंवा दूरता त्याला उघड करावी लागते. आठवणीतील प्रसंग मराठीत लिहिणे हीच येथे रूपांतराची क्रिया झाली. अनुभव एका भाषेत आणि कादंबरी दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती असेल तेथे अभ्यासकाने अशा अपरिहार्य निर्णयांकडे लक्ष दिले पाहिजे.

बेडेकरांच्या बाबतीत या सर्वाची उलट बाजूही उपलब्ध आहे. १९८४ साली त्यांनी 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव उपनिषदातील प्रसिद्ध प्रतिमेवरून घेतलेले आहे: एका झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. हे आत्मचरित्र तृतीयपुरुषी आहे. म्हणजे ज्या लेखकाने कल्पित माणसाला 'मी' म्हणावयास लावले, त्याने स्वतःचे आयुष्य सांगताना स्वतःला 'तो' केले. चरित्राशी जुळणी करीत बसणाऱ्या अभ्यासकाला हे कोडे वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणी लेखकाने आपल्या अनुभवापासून काही अंतर राखण्याचाच उपाय योजिला आहे. एकदा नाव बदलून, दुसऱ्यांदा पुरुष बदलून.

४

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'चे (१९५५) उदाहरण याहून साधे दिसते, आणि म्हणूनच ते अधिक तपासून पाहण्याजोगे आहे. माडगूळकरांचा जन्म माणदेशातला. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. तरुणपणी काही काळ त्यांनी खेड्यात शिक्षकाची नोकरी केली होती. कादंबरीचा निवेदक राजाराम सौंदणीकर हाही असाच एक तरुण मास्तर. धनगरांच्या एका लहान वस्तीवर तो शाळा चालविण्यासाठी येतो. मुले मेंढरांमागे गेलेली असतात आणि शाळा ओस असते. म्हातारा कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, अंजी अशी माणसे हळूहळू त्याच्या परिचयाची होतात. गावात तालीम उभी राहते आणि तिच्यासाठी राजा येतो. नंतर दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वस्ती पांगते, आणि शेवटी मास्तरही निघून जातो.

या अनुभवाला माडगूळकरांनी पूर्वीच एक रूप दिले होते. 'माणदेशी माणसे' (१९४९) या व्यक्तिचित्रांच्या संग्रहात त्याच मुलखातील माणसे एकेक करून आली आहेत. तेथे प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे आणि त्याच्यापुरते चित्र पुरे होते. कादंबरी लिहावयाची तेव्हा या सुट्या माणसांना एकत्र ठेवणारे काहीतरी हवे होते. ते काम मास्तराच्या पदाने केले. शिक्षक हा वस्तीत राहतो पण वस्तीचा नसतो. तो लिहिणारा-वाचणारा म्हणून लोकांना हवा असतो, आणि परका म्हणून त्यांच्या संशयालाही पात्र होतो. माडगूळकरांचे आयुष्य या एका नोकरीत सामावलेले नव्हते. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. चित्रकलेचा आणि शिकारीचा त्यांना नाद होता. कादंबरीने यांपैकी नोकरीचे स्थान तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला ठेविले. लेखकाने काय उचलले याइतकेच काय सोडले हे पाहिले, म्हणजे अनुभवाचा उपयोग कसा झाला ते समजते.

भाषेची वाटणी या स्थानाला अनुरूप आहे. निवेदन प्रमाण मराठीत आहे. धनगरांचे आणि रामोश्यांचे बोलणे माणदेशी बोलीत आहे. माडगूळकरांना ती बोली बालपणापासून अवगत होती, आणि संपूर्ण निवेदन बोलीत करणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु हा निवेदक सरकारी शाळेचा मास्तर आहे, आणि तो लिहितो ते शाळेच्या भाषेत. वाक्ये लहान आहेत, विशेषणे थोडी आहेत, भावनेची टिप्पणी जवळजवळ नाही. दुष्काळाचे वर्णन करताना मास्तर शोक करीत बसत नाही. जे दिसते ते नोंदवितो. हा केवळ शैलीचा गुण नव्हे. वस्ती मोडत असता तिला वाचविण्याचे कोणतेही साधन ज्याच्या हाती नाही, अशा साक्षीदाराची ती भाषा आहे.

५

लेखकाचे स्थान अधिकाराचे असेल तर काय होते, या प्रश्नासाठी 'बळी' (१९५०) या कादंबरीकडे वळले पाहिजे. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांनी १९३० नंतरच्या दशकात सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले होते. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्या कायद्याखाली अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवीत, हजेरी घेत, परवानगीवाचून बाहेर जाऊ देत नसत. हा कायदा देशभर रद्द झाला तो १९५२ साली. मालतीबाईंची कादंबरी या वसाहतीतील मांग-गारुडी समाजाच्या जीवनाची आहे.

येथे अनुभव प्रत्यक्ष आहे यात शंका नाही. परंतु तो कुंपणाच्या आतील माणसाचा नाही. ज्याच्या हातात हजेरीचे पुस्तक आहे त्याचा आहे. कुंपणातील माणूस अधिकाऱ्यापुढे तेवढेच बोलतो, जेवढे बोलणे त्याला सुरक्षित वाटते. सहानुभूती कितीही असली तरी ही ज्ञानाची मर्यादा लेखिकेला ओलांडता येणारी नव्हती. अधिकाऱ्याच्या आठवणी लिहिल्या असत्या तर त्या सहृदय प्रशासकाच्या आठवणी झाल्या असत्या. कुंपणातील माणसाच्या तोंडी 'मी' घातला असता तर तो उसना झाला असता. मालतीबाईंनी तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले आणि कादंबरीचे केंद्र आतील माणसांकडे ठेविले. हरिभाऊंनी यमूचा 'मी' घेतला, आणि येथे तो घेतलेला नाही. यमू ही लेखकाच्याच समाजातील होती, तिची भाषा त्याच्या घरात बोलली जात होती. येथील अंतर निराळ्या जातीचे होते.

याला पुढे एक महत्त्वाची जोड मिळाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही आत्मकथने आहेत आणि दोहोंचे लेखक भटक्या-विमुक्त समाजांतील आहेत. ज्यांच्याविषयी इतरांनी 'ते' म्हणून लिहिले होते, त्या जगातील माणसे येथे 'मी' म्हणून बोलू लागली, आणि प्रमाण मराठीच्या बरोबरीने त्यांची बोली निवेदनात शिरली. यामुळे 'बळी'चे मोल उणावत नाही. मात्र ती कोणत्या स्थानावरून लिहिलेली आहे, हे या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचले असता अधिक स्पष्ट होते. दुसऱ्याच्या आयुष्याचे द्रव्य घेणाऱ्या कादंबरीकारावर जी जबाबदारी येते ती हीच. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येत नव्हते, उत्तरही देता येत नव्हते, याचे भान लेखकाला आणि अभ्यासकाला ठेवावे लागते.

६

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही चरित्राशी जुळणी करण्याचा मोह सर्वांत अधिक उत्पन्न करणारी कादंबरी आहे. नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, खानदेशातील सांगवी या गावचा. नायक पांडुरंग सांगवीकर याचे आडनावच गावाच्या नावावरून साधलेले आहे. नायक पंचवीस वर्षांचा आहे आणि लेखकही लेखनसमयी त्याच वयाचा होता. दोघेही खानदेशातून पुण्यास शिकण्यासाठी आले. एवढे साम्य उघडपणे मांडून ठेवणारा लेखक काही लपवीत आहे असे म्हणता येत नाही. परंतु येथेही साम्य जेथे संपते तेथे पाहणे अधिक फलदायी आहे. पांडुरंग शिक्षणात अपयशी होऊन गावी परततो. नेमाडे यांनी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा आणि पुढे मुंबई विद्यापीठात इंग्रजीचा पदव्युत्तर अभ्यास पुरा केला. जो मार्ग लेखकाने घेतला नाही, त्या मार्गाने त्याने आपल्या नायकाला नेले. स्वतःच्या आयुष्यात शक्य असलेली पण न घडलेली गोष्ट हासुद्धा अनुभवाचाच एक भाग आहे, आणि कादंबरीकार तिचा उपयोग करतो.

या कादंबरीची भाषा हे तिच्या अनुभवाचे खरे वाहन होय. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द त्यात वारंवार येतात. 'वगैरे' हा मूळचा अरबी शब्द. मराठीत तो यादी अपुरी सोडण्यासाठी वापरतात. पांडुरंग तो यादी नसलेल्या ठिकाणीही वापरतो. एखाद्या भारदस्त कल्पनेच्या मागे 'वगैरे' लागला की तिचा भारदस्तपणा ओसरतो. 'उदाहरणार्थ' हा व्याख्यानातला, पाठ्यपुस्तकातला शब्द. ज्याचे उदाहरण द्यावयाचे तो सिद्धान्तच नाहीसा झाल्यावर तो शब्द तेवढा शिल्लक राहतो. गावाकडून शहरात आलेल्या आणि महाविद्यालयातील भाषा अंगवळणी पडूनही तिच्यावर विश्वास न बसलेल्या विद्यार्थ्याचे स्थान या दोन शब्दांत जितके नेमके सापडते, तितके ते कोणत्याही चरित्रविषयक नोंदीत सापडणार नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग येतो तेव्हा हा उपहासाचा सूर टिकत नाही. तो का टिकत नाही, याचे उत्तर मनी ही प्रत्यक्षात कोण होती या चौकशीवर अवलंबून नाही. ज्या भाषेने निवेदक सर्व जगाला दूर ठेवीत होता ती भाषा त्या ठिकाणी अपुरी पडते, आणि हे अपुरेपण वाचकाला थेट जाणवते.

७

वरील उदाहरणांवरून काही पद्धतीविषयक निष्कर्ष काढता येतील. कादंबरीकाराच्या चरित्राचा अभ्यास टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. बेडेकरांचा प्रवास, माडगूळकरांची शिक्षकी, मालतीबाईंची सोलापूरची नोकरी, नेमाड्यांचे गाव आणि महाविद्यालय यांची माहिती नसती तर वरील विवेचन करताच आले नसते. परंतु त्या माहितीला प्रश्न कोणते विचारावयाचे हे ठरले पाहिजे. घटना खरी की कल्पित, हा प्रश्न चरित्रकाराचा आहे. कादंबरीच्या अभ्यासकाने प्रथम निवेदक कोणत्या पुरुषाने आणि कोणत्या लिंगाने बोलतो ते पाहावे. त्याला काय ठाऊक असणे शक्य नाही, आणि लेखकाने ती मर्यादा पाळली की मोडली, हे तपासावे. अनुभव ज्या भाषेत किंवा बोलीत घडला आणि कादंबरी ज्या भाषेत लिहिली गेली, त्यांतील अंतर मोजावे. आणि लेखकाच्या आयुष्यातील कोणता भाग कादंबरीने सोडून दिला, याची नोंद घ्यावी.

या क्रमाने गेल्यास आणखी एक लाभ होतो. ज्या व्यक्ती लेखकाच्या परिचयात होत्या, ज्यांनी आपले आयुष्य कोणाच्या कादंबरीसाठी जगलेले नव्हते, त्यांची नावे शोधून काढण्याचा उद्योग अनावश्यक ठरतो. १९३३ साली एका लेखिकेच्या वाट्याला आलेली ती चौकशी अभ्यासाच्या नावाखाली पुन्हा होऊ नये, एवढी काळजी विद्यापीठातील संशोधनाने तरी घेणे उचित होईल.